पेपर, पाऊस आणि प्रिंटर

16 जून
शाळा सुरू. शिष्यवृत्तीचा वर्गही आजपासून. पोरं वीस. निम्मी इथली, लोणावळ्याच्या भांगरवाडीतली, बाकीची मळवली-कामशेतहून लोकलने येणारी. सगळ्यांची दप्तरं ओली.

20 जून
पहिला सराव. पेपर दोन, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. 75 प्रश्न, बारा बाजू, वीस प्रती. झेरॉक्सवाल्याने बाजूला दोन रुपये लावले. 480 झाले. पोरांकडून पेपरचे 25 घ्यायचे ठरवलं.

21 जून
मळवलीच्या मुलीने पेपर घेतला नाही. शेजारणीच्या पेपरातून प्रश्न वहीत उतरवत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, लिहिलं की लक्षात राहतं." आकृत्यांच्या प्रश्नांपुढे वही कोरी.

23 जून
घरी प्रिंटर हवा.

24 जून
बाजारपेठेतलं दुकान. सगळ्यात स्वस्त साडेतीन हजाराला. मोह झाला. कार्ट्रिज केवढ्याला, विचारलं. आठशे. खोक्यावर बारीक अक्षरांत: 120 पानं. म्हणजे वीस पोरांच्या एका पेपराला दोन कार्ट्रिज. बाजूला साडेसहा रुपयांहून जास्त. त्यापेक्षा झेरॉक्स बरा.

25 जून
खोक्यावरची पानं कशी मोजतात ते वाचलं. सगळ्या कंपन्यांसाठी आयएसओची ठरावीक नमुना पानं असतात, ती छापत राहायची. बरीचशी पांढरी, मोजका मजकूर. आमच्या पेपरात काळे त्रिकोण, रेघांनी भरलेले चौकोन. शाई त्याहून लवकर संपणार.

26 जून
लेकाचा फोन. "आई, लेझर घे. टोनर वाळत नाही, पावसात अक्षर पसरत नाही." खरं आहे. बोलता बोलता लाइट गेली.

27 जून
लाइट दिवसभर ये-जा. लेझरमध्ये रोलर तापवून टोनर कागदावर वितळवतात. तापताना वीज एकदम ओढतो. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दिवे कसेबसे चालतात. लेझर बाद.

28 जून
शनिवार. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. दोन पोरं अर्धा तास उशिरा.

1 जुलै
लोकलने पुण्यात शिवाजीनगर, तिथून तपकीर गल्ली. इंक टँकवाले प्रिंटर पाहिले. कार्ट्रिज नाही, टाकीत बाटलीने शाई ओतायची. एप्सनची 003 काळी बाटली 65 मिली, 4500 पानं. कॅननची जीआय-790 काळी 135 मिली, 6000 पानं. प्रिंटर साडेबारा हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पहिल्या बाटलीत एवढी पानं धरू नका. थोडी शाई नळ्या भरण्यातच जाते."

दोन मशिनांवर एकेक पान काढून मागितलं. बोट ओलं करून दोन्हींवर फिरवलं. एकावरची ओळ निळसर होऊन पसरली, दुसऱ्यावरची जागची हलली नाही. पहिली डायची शाई, दुसरी पिगमेंटची. खोक्याच्या दर्शनी बाजूवर हे कुठेच नव्हतं. आमची पोरं पेपर भिजवूनच घरी नेणार. काळी पिगमेंटची हवी.

घ्यायचा की नाही, ठरवलं नाही. परतीच्या लोकलमध्ये तळेगावपर्यंत उभी.

2 जुलै
रात्री हिशेब. बाटली पाचशेची धरली, 6000 बाजू. बाजूला साधारण आठ पैसे. वीस जणांच्या पेपराला शाई वीस रुपयांची. रीम तीनशेची, 500 कागद. पाठपोट छापलं तर पेपराला 120 कागद, 72 रुपये. म्हणजे शाईपेक्षा कागदच महाग. एकूण 92. झेरॉक्सचे 480.
वाचतात 388. साडेबारा हजार वसूल व्हायला बत्तीस-तेहतीस पेपर. आठवड्याला एक धरला तर फेब्रुवारीच्या परीक्षेपर्यंत जेमतेम. पुढच्या वर्षीपासून खरी बचत.

3 जुलै
हे म्हणाले, "एवढा हिशेब फ्रिज घेताना केला नव्हतास." फ्रिजला दर महिन्याला शाई लागत नाही.

5 जुलै
मळवलीची मुलगी आजही वहीत उतरवत होती.

7 जुलै
घेतला. पिगमेंट काळ्या शाईचा.

9 जुलै
कागद ओलसर. कडा वळलेल्या. दोन-दोन कागद एकदम ओढतो. पाठपोट हातानेच करायचं. आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटून सम. एक कागद जास्त ओढला की पुढचा सगळा पेपर चुकतो.

10 जुलै
रीमचं वेष्टण उगाच नसतं, आतून दमट हवा अडवणारा थर असतो. आता लागतील तेवढेच कागद काढते. उरलेली रीम वेष्टणासकट स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट. ट्रेमध्ये रात्रभर कागद ठेवत नाही. आज एकदाही अडकला नाही.

14 जुलै
सराव दोन. घरी छापला. चाळीस मिनिटं. पेपरचे पैसे मागितले नाहीत.

15 जुलै
मळवलीच्या मुलीचा पेपर तपासला. गणिती कोडी सगळी बरोबर. आकृत्यांत अकरापैकी आठ चूक. आरशातली प्रतिमा तिला अजिबात येत नाही. आजवर हे कळायला मार्गच नव्हता.

21 जुलै
नुसत्या आकृत्यांचं एक पान केलं. वीस प्रती. खर्च चौदा रुपयेही नाही.

30 जुलै
लेकाने विचारलं, मे महिन्यात क्लास बंद असताना काय? उन्हाळ्यात बंद पडून राहिला तर नोझलमध्ये शाई वाळते. मग हेड साफ करायला आणखी शाई. दर रविवारी एक रंगीत पान काढायचं. कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

2 ऑगस्ट
झेरॉक्सच्या दुकानात एका पालकांनी विचारलं, कोणता घेऊ? सांगितलं: महिन्याला पंधरा-वीस पानं लागत असतील तर कोणताच घेऊ नका, इथेच या. शेकड्यांनी लागत असतील तर आधी शाईचा भाव आणि पानं विचारा, प्रिंटरची किंमत नंतर. आणि दुकानातून निघण्याआधी छापलेल्या पानावर ओलं बोट फिरवून बघा.