बिऱ्हाड कोठें थाटावें?

शहर सोडून खेड्यांत राहावयास जावें असें म्हणणारीं माणसें आपल्यांत पुष्कळ आहेत. परंतु कोणत्या खेड्यांत, असा प्रश्न केला म्हणजे त्यांतील बहुतेक दुसऱ्याच विषयाकडे वळतात. आमचीही गत तीच होती. डोंबिवलीस आमचें ३२ वर्षांचें बिऱ्हाड. मातोश्री, वडील बंधु व वहिनी, आम्ही उभयतां आणि मुलें-सुना मिळून नऊ माणसें एका चुलीवर जेवणारीं. दरवर्षीं वैशाखांत पाण्याची ओढाताण सुरू झाली कीं वर्धा जिल्ह्यांतील आपल्या मूळ मुलखांत परत जाण्याची भाषा घरांत होई, आणि पहिल्या पावसाबरोबर ती वाहून जाई. मध्यंतरीं मात्र बंधूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, आम्हीही नोकरींतून मोकळे झालों, आणि पांचव्या मजल्यावर नेणारी लिफ्ट आठवड्यांतून दोनदां बंद पडूं लागली. मातोश्रींना ८६ वें वर्ष. त्या खालीं उतरल्या त्याला चार महिने होऊन गेले होते. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "मला एकदां मातीवर पाय ठेवूं द्या रे." त्यानंतर तो विषय वाहून गेला नाहीं.

मुलांच्या नोकऱ्या मुंबईच्या. तेव्हां जाणार ते आम्ही पांच वडीलधारे, आणि मागें राहणार तीं चौघें. म्हणजे चूल दुभंगणार. हें कोणी बोलून दाखवीत नव्हतें, परंतु प्रत्येकाच्या मनांत तेंच होतें.

बंधूंचा धाकटा मुलगा इंग्लंडांत असतो. योगायोग असा कीं, लंडन सोडून तिकडच्या एखाद्या खेड्यांत घर घ्यावें असें त्याच्याही मनांत त्याच सुमारास आलें होतें. त्यानें आजीला एक लांबलचक पत्र धाडलें. गांव निवडणें हा तिकडे मोठा उद्योगच आहे असें त्यावरून दिसलें. लंडनला जाणारी गाडी किती वेळांत पोहोंचते, शाळा कशी आहे, गांवांत दुकान, टपालकचेरी व मद्यगृह अजून चालूं आहे कीं बंद पडलें, घर नदीच्या पुराच्या टापूंत तर येत नाहीं ना—याचे सरकारी नकाशे तेथें कोणासही घरबसल्या पाहावयास मिळतात—हें सारें पडताळून मग माणूस पाऊल उचलतो. पण पत्राच्या शेवटीं त्यानें जें लिहिलें होतें तें आमच्या मनांत रुतून बसलें. शहरांतील पैसेवाले खेड्यांत घरें घेऊं लागले कीं भाव चढतात, आणि कॉर्नवॉलसारख्या भागांत तर तेथेंच जन्मलेल्या तरुण जोडप्यांना आपल्या गांवांत घर करणें अशक्य होऊन बसतें. आपणही त्यांच्यांतलेच एक होणार, याची त्याला टोंचणी लागली होती.

बंधूंनीं सारा जन्म हिशेबतपासणींत घालविलेला. त्यांनीं पत्र वाचून कागद घेतला व रकाने पाडले: दवाखाना, पाणी, रेल्वे, जमीन, भाव. डाव्या अंगाला गांवें लिहिलीं—वर्धा, सेवाग्राम, पवनार, सेलू, हिंगणघाट, आर्वी—आणि शेवटीं, वेगळ्या शाईनें, आमचें मूळ गांव. त्याचें नांव येथें देत नाहीं. तें आर्वी तालुक्यांत आहे एवढें पुरे. आमचे आजोबा तेथील मालगुजार. १९५१ सालीं मालगुजारी गेली, पुढें कुळांची जमीन कुळांकडे गेली, आणि १९६६ सालीं वडिलांनीं वाडा विकून मुंबईची वाट धरली. आम्ही तेव्हां पाळण्यांत होतों. मातोश्रींचें लग्नानंतरचें पहिलें नऊ वर्षांचें आयुष्य त्या वाड्यांत गेलें. त्यांचा ओढा तिकडेच असणार, असें आम्ही सर्वांनीं गृहीत धरलें होतें; त्यांना विचारावें असें मात्र कोणास सुचलें नाहीं.

थंडीच्या दिवसांत जाऊन गांवें पाहून यावीं असा आमचा बेत होता. तो वहिनींनीं मोडून काढला. त्या म्हणाल्या, "पौषांत कोणतेंही गांव चांगलेंच दिसतें. मुलगी पाहायला जातांना तिच्या अंगावर पैठणी असायचीच. पाहायचें तर वैशाखांत पाहा." आमच्या मतें साऱ्या प्रकरणांत इतका शहाणपणाचा शब्द दुसऱ्या कोणी उच्चारला नाहीं. त्याप्रमाणें मे महिन्यांत बंधु, वहिनी व आम्ही असे तिघे सेवाग्राम एक्स्प्रेसनें निघालों आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे वर्ध्याच्या स्टेशनावर उतरलों. नऊ वाजतां रस्ते ओस पडले. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, आणि घरोघर कूलरांची घरघर तेवढी ऐकूं येत होती.

वर्धा शहर तसें जुनें नव्हे. इंग्रजांनीं १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं तें आंखून वसविलें. तेथें सर्व सोयी आहेत. परंतु शहरांतून शहरांतच जावयाचें तर डोंबिवलीनें काय पाप केलें होतें? हिंगणघाटच्या कापसाचें नांव एके काळीं विलायतच्या बाजारांत घेतलें जाई. गांव आजही उद्योगी आहे, पण आम्हांला उद्योग नको होता. आर्वीकडे संत्र्यांच्या बागा पाहून मन हरखलें. तथापि पुलगांव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी केव्हांच बंद झालेली, आणि मोठा दवाखाना दूर. बंधूंनीं त्या ओळीवर फुली मारली.

सेवाग्रामास मात्र आम्ही दोन दिवस रेंगाळलों. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं, म्हणजे असल्याच उन्हाळ्यांत, तेथें राहावयास आले. तेव्हां गांवाचें नांव शेगांव. धड रस्ता नव्हता, हिंवताप होता, साप-विंचू होते. जमनालाल बजाजांची तेथें मालगुजारी होती, परंतु गांधीजींनीं गांवच्या लोकांपुढें आपला विचार मांडला आणि मगच मुक्काम केला. मीराबेन त्यांच्याही आधीं तेथें जाऊन राहिल्या होत्या. या बाई इंग्रज आरमारांतील अधिकाऱ्याच्या कन्या, बालपणीं सरे परगण्यांत आजोळच्या हिरव्या शिवारांत वाढलेल्या. ज्या खेड्यांसाठीं आमचा पुतण्या झुरतो तीं सोडून त्या वर्ध्याच्या उन्हांत आल्या. गांव निवडण्याची ही तऱ्हा बंधूंच्या रकान्यांच्या नेमकी उलटी होती. जेथें उणीव अधिक, तेंच गांव पसंत! गांधीजींना त्याच वर्षीं हिंवतापानें गांठलें व वर्ध्याच्या इस्पितळांत हलवावें लागलें. पुढें विदर्भांतल्याच दुसऱ्या शेगांवाकडे, म्हणजे गजानन महाराजांच्या, टपाल चुकून जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें.

भर दुपारीं आम्ही बापूकुटींत गेलों. माती, बांबू आणि कौलें यांचें तें बांधकाम. दारांतून आंत पाऊल टाकतांच डोळ्यांवरचा ताण उतरला. सिमेंटच्या घरांत कूलरला जें साधत नाहीं तें त्या जाड मातीच्या भिंती मुकाट्यानें करीत होत्या. आणि आज त्याच गांवांत कस्तुरबा रुग्णालय आहे. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं काढलेलें वैद्यकीय महाविद्यालय आहे. बंधूंच्या कागदावर सेवाग्रामला पैकींच्या पैकीं गुण मिळाले. अडलें तें वहिनींपाशीं. त्या म्हणाल्या, "येथें रोज माणसें दर्शनाला येणार. आपण पापड वाळत घातले तर तेही पाहून जातील."

जमिनीच्या शोधांत एक गंमत कळली. आपल्या राज्यांत शेतकरी नसलेल्यास सहसा शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. आम्ही मालगुजाराचे नातू. परंतु आज एकाही सातबाऱ्यावर आमचें नांव नाहीं, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें आम्ही शेतकरी नव्हे. म्हणजे बिनशेती तुकडाच घेणें आलें. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. येळाकेळीजवळ त्यावर चढावयास वाट आहे, आणि त्या बाजूच्या मातीला सोन्याचा भाव आलेला. एका दलालानें आम्हांस तिकडे नेलें व खुंट्या ठोकलेला एक चौकोन दाखविला. तेथें ना विहीर, ना झाड. जवळच काम करणाऱ्या एका वृद्ध गवंड्यानें आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, "काळी माती हाये जी. पावसात फुगते, उन्हात फाटते. मुरूम लागेपर्यंत खंदलं नाही तर भिंतीत हात जाईन एवढी भेग पडते." पायव्याचा हा खर्च दलालाच्या हिशेबांत कोठेंच नव्हता.

परततांना पवनारास थांबलों. धाम नदीला त्या दिवसांत पाणी बेताचेंच, खडकांतून वाट काढीत जाणारें, पण होतें. पवनार म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत. विनोबा १९३८ सालीं तेथें आले ते प्रकृति ढांसळली म्हणून. वजन अवघें ८८ पौंड उरलें होतें. थंड हवेच्या ठिकाणांचीं नांवें पुढें आलीं असतां त्यांनीं पसंत केला तो वर्ध्यापासून दोन-तीन कोसांवरील, धामच्या कांठचा जमनालालजींचा बंगला. तेथें ते कुदळ घेऊन खणूं लागले आणि खणतां खणतां प्रकृति सुधारली. त्या खणण्यांतच भरतभेटीचें एक जुनें शिल्प सांपडलें; तें आजही आश्रमांत आहे. हृदयरोग्यानें कुदळ घ्यावी कीं नाहीं याबद्दल बंधूंनीं डॉक्टरांचें मत घेतलें नाहीं, हें बरें झालें. वहिनी मात्र नदीकडे न पाहतां रस्त्याकडे पाहत होत्या. नागपूर-वर्धा रस्त्यावर दर थोड्या वेळानें मोटर जात होती. "येथून मला एकटीला वर्ध्याला जाऊन येतां येईल," त्या म्हणाल्या, "कोणाच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाहीं." बंधूंच्या कागदावर असा रकाना नव्हता.

तरीही निकाल लागला नव्हता, कारण वेगळ्या शाईचें नांव उरलें होतें. श्रावणांत उन्हें निवल्यावर मातोश्रींना घेऊन आम्ही मूळ गांवीं गेलों. वाड्याचा दर्शनी भाग जाऊन तेथें सिमेंटचें घर उभें होतें. मागची विहीर आणि निंब मात्र जागच्या जागीं. हल्लींच्या मालकांचे आजोबा आमच्या आजोबांकडे सालदार होते. मालकांनीं ओसरीवर सतरंजी अंथरली. "काहून उभ्या राह्यल्या आईजी? बसा न जी, तुमचंच घर हाये." त्यांच्या सूनबाईंनीं तांब्या-भांडें आणून ठेवलें. मातोश्रींनीं विचारलें, "याच विहिरीचें का हो?" "हो जी." मातोश्री भांडेंभर पाणी सावकाश प्याल्या. मग निंबाखालीं थोडा वेळ बसल्या. परत निघतांना देवळाजवळच्या पारावर एक अतिवृद्ध गृहस्थ बसले होते. आम्हीं कोण तें कोणीतरी सांगतांच ते काठीच्या आधारानें उठून उभे राहिले व त्यांनीं डोईची टोपी काढली.

मोटरींत बसल्यावर बंधु म्हणाले, "मागच्या अंगाला एक बिनशेती तुकडा विकाऊ आहे, आई. दवाखाना जरा दूर पडेल, पण तें मी पाहून घेईन." हें त्यांनीं आपल्या जिवावर उदार होऊन म्हटलें, हें आम्हां सर्वांना कळत होतें.

मातोश्री म्हणाल्या, "येथें नको रे."

कोणी कांहीं बोललें नाहीं.

"तो म्हातारा उठला तो मला पाहून नव्हे, तुमच्या आजोबांना पाहून उठला. मी रोज देवळांत गेलें तर तो रोज उठेल." मग बऱ्याच वेळानें, खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीकडे पाहत त्या म्हणाल्या, "त्या विहिरीवर यांच्या घरच्या बायकांना आम्ही दोर सोडूं देत नव्हतों. त्या कडेला घागरी घेऊन उभ्या राहायच्या, आणि आमच्यांतलें कोणीतरी वरून ओतायचें. मीही ओतलें आहे. नवी सून होतें, सासूबाईंनीं दाखविलें तसें केलें. आज त्यांनीं भांडेंभर पाणी दिलें, तें मी घेतलें. आतां त्यांच्या दारांत घर कशाला मागायचें?"

जमनालालजींनीं वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुलें केलें तें १९२८ सालीं. मातोश्रींचें लग्न १९५७ चें. हीं दोन सालें आम्हीं अनेकदां वाचलीं व लिहिलीं होतीं, पण एकमेकांशेजारीं कधीं ठेविलीं नव्हतीं. बंधूंनीं खिशांतून कागद काढला आणि वेगळ्या शाईचें नांव खोडून टाकलें.

दसऱ्याला आम्ही पवनारास आलों. घर घेऊन नव्हे, भाड्यानें. एक उन्हाळा व एक पावसाळा काढल्यावांचून विटेला वीट लावावयाची नाहीं, ही वहिनींची अट. सेवाग्रामचें रुग्णालय मोटरीनें जवळच आहे. डोंबिवलीची चूल चालूंच आहे. इकडून तुरीची डाळ व वायगांवची हळद तिकडे जाते, तिकडून दर पंधरवड्यास कोणी ना कोणी रात्रीच्या गाडीनें येतें आणि रविवारचा मुक्काम करून परततें. चूल दुभंगली कीं लांबली, यावर बंधूंचें व आमचें अजून एकमत झालेलें नाहीं. मातोश्री सकाळीं अंगणांत अनवाणी उभ्या राहतात. कधीं सुनेचा हात धरून आश्रमाच्या पायऱ्यांपर्यंत जातात.

येथें त्यांना कोणी ओळखत नव्हतें. आल्यावर आठ-दहा दिवसांनीं, संध्याकाळीं, शेजारच्या घरची लहान मुलगी वाटी घेऊन दारांत उभी राहिली. "आजी, मायनं विचारलं, थोडंसं विरजण आहे काय?" वहिनी उठूं लागल्या. मातोश्रींनीं हातानें त्यांना थांबविलें, गुडघ्यांवर हात ठेवून त्या स्वतः उठल्या, आणि त्या मुलीला पुढें घालून स्वयंपाकघरांत गेल्या.