आला ड्यूक, फिटली हौस

शनिवार, १८ जून २०११

‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा गेम एकदाचा आला. घोषणा १९९७ ची, तेव्हा मी शाळेत होतो. मधल्या काळात टेक्सासच्या थ्रीडी रिअल्म्सने इंजिन बदललं, २००९ मध्ये गेम बनवणाऱ्यांनाच घरी बसवलं आणि उरलेलं काम गिअरबॉक्स कंपनीने उचललं.

एवढी वाट पाहून सुरुवात कुठे, तर मुतारीत. बटण दाबलं की ड्यूक लघवी करतो. शेजारच्या संडासातून घाण उचलून भिंतीवर फेकायचीही सोय आहे. दादाचा मुलगा मागे उभा राहून खो खो हसला, त्याला बाहेर पिटाळलं. डब्यावर शिक्का प्रौढांचा, विनोद मात्र सातवीच्या मागच्या बाकावरचा.

रविवार, १९ जून

रात्री मुद्दाम १९९६ चा ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ लावला. सोवळा तोही नाही. तिथंही मुतारी आहे, तिथंही अर्धनग्न बाया. पण ते सगळं जाता जाता. खेळ सुरू होतो गच्चीवर. पंखा उडवायचा, झरोक्यातून खाली रस्त्यावर उतरायचं, मग थिएटर, प्रोजेक्टरची खोली. कुठली भिंत सरकते, कुठून चोरवाट निघते, हे हुडकण्यात रात्र सरायची. शॉटगन, पाइप बॉम्ब, शत्रूला बोटभर करून टाकणारी बंदूक, सगळं एकाच वेळी अंगावर. बोटभर झालेला शत्रू बुटाखाली चिरडायचा. क्रूर आहेच, पण हसू येतं, कारण डाव आपण रचलेला असतो.

बुधवार, २२ जून

नव्यात एका वेळी दोनच बंदुका. जीव मोजणाऱ्या पट्टीचं नाव ‘इगो’. आरशात पाहिलं, वजनं उचलली की ती पट्टी लांबते. ही कल्पना झकास, मान्य. पण गोळ्या लागल्या की आडोशाला दबा धरून ती भरायची वाट पाहत बसायचं. ‘हेलो’ या गेमच्या नायकासारखं चिलखत पुढे केलं तर ड्यूक त्याची टर उडवतो. आणि दोन बंदुका, आपोआप भरून येणारा जीव, हे सगळं ‘हेलो’नेच रुळवलेलं! ज्याची नक्कल करायची त्यालाच हिणवायचं, याला काय म्हणावं?

शनिवार, २५ जून

‘द हाइव्ह’ नावाचा टप्पा. परग्रहवासीयांनी पळवलेल्या बायका भिंतींना चिकटवून ठेवल्यात, बळजबरीने गर्भवती केलेल्या. त्यांत ड्यूकच्या दोन मैत्रिणी, जुळ्या बहिणी. त्या रडत त्याची माफी मागतात. ड्यूक एक पाचकळ शेरा मारतो, आणि त्या फुटून मरतात. थोडं पुढे भिंतीवर स्तन उगवलेत, त्यांना थापट मारता येते. इतका वेळ मी कंटाळलो होतो, इथं किळस आली. बाई मरताना शेरा मारायला धाडस लागत नाही. लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच त्यातून कळतं. संगणक बंद केला.

रविवार, २८ ऑगस्ट

पॅच आलाय. पीसीवर आता चार बंदुका बाळगता येतात. चार काय, दहा दिल्या तरी टप्पे तेच, सरळ बोळासारखे. सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. १९९६ चा ड्यूक अजून उत्तम चालतो, तोच खेळावा.