मग तू काय करशील?

नातू दिवाळीच्या सुट्टीत आला की रात्री त्याला गोष्ट सांगायची, हा आमच्या घरचा रिवाज. गेली दोन वर्षे तो मोडला होता. पोराला मिसरूड फुटले की आजोबांचा राजपुत्र निकामी व्हायचाच, अशी मी मनाची समजूत घातली होती.

यंदा वसुबारसेला स्वारी आली ती एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा घेऊनच. मी पुस्तक चाळले. आत नुसते नियम!

"अरे, यात गोष्ट कुठे आहे?"

"ती खेळता खेळता आपणच रचायची, आजोबा!"

नियम विकून गोष्ट गिऱ्हाइकावर सोपवणारे हे प्रकाशक कोण, म्हणून मी चौकशी केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर तळघरात जोडे दुरुस्त करीत. डेव्ह अर्नेसन यांच्यासह त्यांनी हा खेळ रचला. छापायला कोणी मिळेना, तेव्हा १९७३ साली एका बालमित्राबरोबर त्यांनी 'टीएसआर' ही संस्था काढली. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या १००० पेट्या निघाल्या, त्याही हातांनी जुळवलेल्या!

मग इतरांनाही हुरूप आला. १९७५ साली कॅलिफोर्नियात 'केऑसियम' निघाली. तिच्या १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू' या खेळात तलवारबहाद्दरांऐवजी भयाने बुद्धी ढळणारी साधी माणसे आली.

पण लक्ष्मी चंचल! १९८५ साली गायगॅक्स यांच्या हातून स्वतःच्याच संस्थेची सूत्रे गेली. १९९७ साली ती 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली आणि १९९९ साली त्यांनाच 'हॅस्ब्रो'ने. या नव्या मालकांनी २००० साली खेळाच्या नियमांचा गाभा इतर प्रकाशकांना वापरायला खुला केला. २०२३ साली तोच परवाना आवळू पाहिला, तेव्हा खेळणारे असे खवळले की मालकांना माघार घ्यावी लागली.

हे वाचून मला हसू आले आणि लगेच कुठेतरी टोचलेही. मीसुद्धा मालकच की! पोर मध्ये काही बोलले की "गप्प ऐक" म्हणून दटावणारा. बिचाऱ्याला माझ्या गोष्टीत बसायला मी जागाच ठेवली नव्हती.

पाडव्याच्या रात्री आम्ही फासा घेऊन बसलो. राजपुत्र अरण्यात वाट चुकला. समोर दोन गुहा. सवयीने पुढचे वाक्य ओठांवर आले. ते मी गिळले आणि विचारले, "मग तू काय करशील?"

रात्री एक वाजता सौभाग्यवतींनी येऊन दिवा मालवला, तेव्हा आम्ही दोघेही मला ठाऊक नसलेल्या गुहेत होतो.