द्राक्षाचा नारिकेलपाक

आपल्या काव्यशास्त्रात द्राक्षापाक आणि नारिकेलपाक अशा दोन संज्ञा आहेत. द्राक्ष जिभेवर ठेवताच रस यावा तसे जे काव्य वाचताक्षणी उलगडते ते द्राक्षापाकाचे. ज्याची करवंटी आधी फोडावी लागते ते नारिकेलपाकाचे. मल्लिनाथाने भारवीच्या वाणीला नारळाचीच उपमा दिली आहे. वरच्या वर्गांना हा भेद मी वर्षानुवर्षे समजावून दिला. परंतु खुद्द द्राक्षाच्या रसाचाही नारिकेलपाक होऊ शकतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि तेही माझ्या कन्येमुळे.

ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि नाशिकजवळच्या एका वाइनच्या कारखान्यात नोकरीला लागली. गोव्यात राहणाऱ्यांना मद्याचे नावीन्य ते काय, असे कोणी म्हणेल. काजूच्या हंगामात हुर्राकाचा वास वाऱ्यावर येतोच, आणि फेणीला तर २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही ही नोकरी आमच्या घराण्याला सहज पचली नाही. मला न पचण्याचे कारण निराळे होते. माझ्या शाळेत अशी मुले आहेत, की बापाच्या पगाराची रात्र घरी कशी गेली हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोऱ्या वहीवरून मला समजते. ते चेहरे रोज पाहणाऱ्याने पेला हाती धरावा काय? मुलीने मात्र एका वाक्यात निरुत्तर केले. म्हणाली, "बाबा, पिऊ नका हवं तर, पण मी काय करते ते तुम्हाला वाचता तरी यायला हवं."

म्हणून फेब्रुवारीत आम्ही उभयता नाशिकला गेलो. तेथे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, पीक मात्र जानेवारी ते मार्चच्या सुमारास एकदाच घेतात. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा पांढुरकाच असतो, रंग असतो तो सालीत, ही गोष्ट इतकी द्राक्षे खाऊनही माझ्या ध्यानी आली नव्हती. साल लगोलग वेगळी केली तर रस फिका राहतो. सालीसकट आंबवला तर लाल होतो आणि रंगाबरोबर तुरटपणाही घेऊन येतो. आंबवणाऱ्या यीस्टने बहुतेक सगळी साखर खाऊन टाकली की त्या वाइनला 'ड्राय' म्हणतात. ओल्या पदार्थाला कोरडे म्हणण्याची ही इंग्रजी रीत मला काही रुचली नाही. आपण सरळ 'अगोड' म्हणावे.

चार पेले समोर आले. माहिती देणारा तरुण मोठा उत्साही होता. यात ब्लॅकबेरी लागेल, त्यात प्लम लागेल, असे सांगत होता. मी जन्मात ब्लॅकबेरी पाहिलेली नाही, ती मला लागावी कशी? नवशिक्याची खरी अडचण जिभेपाशी नसून शब्दांपाशी आहे. मी ते उसने शब्द बाजूला ठेवले आणि आपले शोधू लागलो. पेला देठाशी धरावा, हलकेच फिरवावा, आधी वास घ्यावा, मग लहानसा घोट क्षणभर तोंडात खेळवावा. शनँ ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनमध्ये मला पेरू सापडला. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची. शिराझमध्ये करवंद आणि पाठोपाठ मिरपूड! शेवटच्या काबर्नेने मात्र जीभ खरखरीत करून सोडली. हे टॅनिन, असे म्हणून तो तरुण बराच वेळ ते समजावीत राहिला. पण गोव्याच्या मुलाला टॅनिन काय शिकवायचे? अर्धवट पिकलेला काजूचा बोंडू चावला की जे होते, तेच ते. षड्रसांत तुरटाला स्वतंत्र पाट मांडणाऱ्या परंपरेत आपण वाढलो, याचा त्या दुपारी मला थोडा अभिमानही वाटला.

नाताळात शेजारून येणारी आमच्याकडची पोर्ट गोड असते, ती द्राक्षापाक. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील अस्सल पोर्टमध्ये आंबणे अर्ध्यावर असतानाच द्राक्षाचे मद्य मिसळून ते थांबवतात, म्हणून साखर उरते. आमच्याकडच्या बहुतेक बाटल्यांनी तिचे नाव तेवढे घेतले आहे. त्या गोडीला मी नावे ठेवणार नाही, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. पुढे जायचे असेल त्याने एकदम काबर्नेला हात घालू नये. आधी शनँ ब्लाँ घ्यावी, चांगली गार करून, आणि लेबलावर पिकाचे वर्ष पाहून ताजी घ्यावी. जुने ते सोने हा नियम आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या वाइनला लागू नाही. लाल वाइन घरच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ते घर युरोपातले. आपल्या उन्हाळ्यात तीही अर्धा तास शीतकपाटात ठेवावी. बांगड्याबरोबर लाल वाइन घेऊन मी एकदा पाहिली. तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव आली. तिखट हुमणाशी तर तिचे मुळीच जमत नाही. भाजलेले खारे काजू मात्र तुरटपणाची धार कमी करतात.

या सगळ्याने माझा मूळ प्रश्न सुटला असे नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे, आणि वाइनलाही त्यातून सूट नाही. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, हा हिशेब मुलीनेच मला करून दाखवला. तेव्हा मी माझ्यापुरते ठरवले आहे: महिन्यातून एखाद्या रविवारी, जेवणाबरोबर, एक पेला, तोही ती घरी आली असेल तरच. कोणाला आग्रह करायचा नाही, आणि शाळेच्या गावातील दुकानाची पायरी चढायची नाही.

गेल्या गणेशचतुर्थीनंतर ती आली होती. माझी आई ऐंशीच्या पुढची, रोज दुपारी जेवणानंतर समभाग पाणी घालून द्राक्षासव घेणारी. नातीने आणलेल्या बाटलीकडे पाहत तिने विचारले, "ह्यात आणि माझ्या औषधात फरक तो काय गो?"

"धायटीची फुलं, आजी," मुलगी म्हणाली, "आणि वैद्याची चिठ्ठी."

आईने पेला उचलून नाकाशी नेला, बराच वेळ धरला, आणि तसाच खाली ठेवला. "करवंदां," ती म्हणाली.