पवनारची रांग

यवतमाळाहून वर्ध्यास जाणारा रस्ता सृष्टिशोभेसाठी कोणी आवर्जून पाहावयास जाईल, असे आम्हास वाटत नाही. विरळ सागाची झाडी, मग मुरमाड टेकाड, मग काळ्याभोर जमिनीचा एखादा सपाट पट्टा, पुन्हा टेकाड, असा चढउतार करीत तो सुमारे ७० किलोमीटर जातो. लहानपणापासून आम्ही तो इतक्या वेळा तुडविला आहे की, त्याच्याकडे पाहण्याचेही आम्ही सोडून दिले होते. तथापि १९८२ च्या नोव्हेंबरात, दिवाळी दोन दिवसांवर आली असता, आम्ही त्याच रस्त्याने आचार्य विनोबा भावे यांच्या अखेरच्या दर्शनास गेलो. त्या दिवसापासून तो रस्ता आमच्यापुरता निराळा झाला.

प्रसंग सर्वांस ठाऊक असेल. त्या महिन्याच्या आरंभी विनोबांस हृदयविकाराचा झटका आला. थोडा उतार पडतो न पडतो तोच, ८ तारखेच्या रात्रीपासून, त्यांनी अन्न, पाणी आणि औषध ही तिन्ही वर्ज्य केली. वय ८७. डॉक्टरांनी विनविले, जिवलगांनी विनविले. उपयोग झाला नाही. आमच्या घरात या गोष्टीवरून दोन तट पडले. सोळा वर्षांपूर्वी, १९६६ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मुंबईत असेच प्रायोपवेशन केले होते. विचारांनी दोन टोकांस असलेल्या या दोघा पुरुषांनी जावयाचे दार मात्र एकच निवडावे, याचे आम्हास तेव्हाही नवल वाटले होते आणि आजही वाटते.

आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सकाळच्या चहाच्या वेळी जाहीर केले, “मी पवनारला जाणार.” धाकटे काका वर्तमानपत्र खाली न ठेवताच म्हणाले, “अवश्य जा. मला मात्र आग्रह करू नका.” काकांचे कारण घरातल्या लहानथोरांस माहीत होते. आणीबाणीत ते सोळा महिने कारागृहात होते, आणि त्याच काळात विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारी फलकांवर गावोगाव झळकत होता. पुढे १९७६ च्या जानेवारीत पवनारला आचार्यांचे संमेलन भरले. शासन हे सत्तेचे व अनुशासन हे आचार्यांचे, असा भेद तेथे उलगडण्यात आला. पण तुरुंगात बसलेल्या माणसाच्या कानी खुलासा फार उशिरा पोहोचतो. काकांचा राग आम्हास आजही अनाठायी वाटत नाही.

अण्णांचे कारण निराळे होते, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखविले नव्हते. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला आणि विनोबा पुढे तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. घरात पाच पुत्र असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, ही त्यांची मागणी होती. १९५३ साली कार्यकर्ते आमच्या गावी आले, तेव्हा अण्णांनी दानपत्रावर अकरा एकर लिहून दिले. टाळ्या झाल्या, सूतहार घातला गेला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ओळखलेच असेल की, ते अकरा एकर टेकाडावरचे होते. नाल्याकाठची काळी जमीन जागच्या जागी राहिली. असे करणारे अण्णा एकटे नव्हते. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन त्या चळवळीत कागदावर आली. तिच्यातील पुष्कळशी नांगराला लागण्यासारखी नव्हती, हे आता सर्वमान्य आहे.

ते टेकाड गावातील एका कोलाम कुटुंबास मिळाले. त्या गृहस्थाने दोन पावसाळे त्यावर जीव टाकला. तिसऱ्या वर्षी तो आमच्याकडे सालदार म्हणून राहिला. म्हणजे आम्ही दिलेल्या जमिनीचा मालक, आम्ही न दिलेल्या जमिनीवर, आमचाच चाकर! सुमारे सत्तावीस वर्षे अण्णा त्याचा रोज रामराम घेत आले होते.

तर अण्णांनी जाण्याचे ठरविले. सोबत आम्ही आणि आत्या. आत्या बालविधवा. नित्य सूत कातणे आणि ‘गीताई’चा एक अध्याय म्हणणे हा तिचा नेम होता. १२ फेब्रुवारीस पवनारला सर्वोदय मेळा भरतो, तेथे हातसुताची एक गुंडी अर्पण करावयाची, यास सूतांजली म्हणतात; ती तिने सहसा चुकविली नव्हती. गुंडी म्हणजे चार फुटांचा एक, असे ६४० तार. त्या दिवशी तिने एक गुंडी धुतलेल्या रुमालात बांधून घेतली.

निघता निघता अण्णा म्हणाले, “त्यालाही बोलाव.” सालदार त्या वेळी यवतमाळातच होता. कापसाची गाडी घेऊन तो दोन दिवस खरेदी केंद्रापुढे रांगेत उभा होता. १९७२ पासून आमच्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होती, आणि हंगामात बैलगाड्यांच्या रांगा रस्त्यावर लांबच लांब लागत. बैलांना तेथेच कडबा, माणसांना तेथेच भाकर, रात्री गाडीखालीच झोप. रांग म्हणजे काय हे वऱ्हाडच्या माणसास कोणी शिकवावयास नको. मुलाला गाडीपाशी बसवून तो आला. एका रांगेतून निघून तो दुसऱ्या रांगेत उभा राहावयास चालला होता.

एस. टी. खच्चून भरली होती. कळंबच्या अलीकडे आमचे गाव लागते, आणि गाडीच्या डाव्या अंगास ते टेकाड स्पष्ट दिसते. अण्णा त्याच बाजूस बसले होते. टेकाड आले तेव्हा त्यांनी मान फिरवून उजवीकडे पाहिले. सालदार दांडीला धरून उभा होता. त्याने मात्र खाली वाकून टेकाड नीट न्याहाळले. कळंबला गाडी थांबली. येथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. काही वर्षांच्या अंतराने कुंडाचे पाणी चढून देवाच्या पायांस लागते, अशी ख्याती आहे. आत्याने गाडीतूनच हात जोडले. पुढे वर्धा नदी ओलांडली म्हणजे आमचा जिल्हा संपतो.

नदी ओलांडल्यावर अण्णा आपण होऊन बोलू लागले. पण बोलले ते आमच्या आजोबांविषयी. लोकमान्य गेले ते १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात. आजोबा टिळकभक्त, लोकनायक अण्यांच्या यवतमाळात दुसरे कोण असणार? वार्ता समजताच ते शकुंतलेत बसले. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरांची ही अरुंद रुळांची गाडी, आता बंद पडली आहे. तिच्या चालीविषयी आमच्याकडे विनोद पुष्कळ आहेत. मूर्तिजापूरच्या फलाटावर आजोबांना कळले की, चौपाटीवर दहन होऊनही गेले. ते परतीच्या गाडीने घरी आले. “बाबांना रांगही मिळाली नाही,” अण्णा म्हणाले, आणि पुढे देवळी येईपर्यंत गप्प राहिले.

पवनार वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटरांवर, नागपूरच्या रस्त्यास, धाम नदीकाठी आहे. नदी काळ्या खडकांतून वाहते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जन केला, त्याची छत्री पात्रात आहे. वर उंचवट्यावर विनोबांचा आश्रम. १९५९ पासून तेथे स्त्रियांचे ब्रह्मविद्यामंदिर आहे. जमीन खणताना निघालेल्या प्राचीन मूर्ती आश्रमात ठेवल्या आहेत. त्यांत रामभरतभेटीचे शिल्प विनोबांस विशेष प्रिय.

आम्ही उतरलो तो रांग उतारावरून खाली आली होती. पुढे धोतर नेसलेले शेतकरी, मागे नागपुरातले महाविद्यालयीन तरुण, मध्ये लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेल्या म्हाताऱ्या, कडेवर मुले. अशा ठिकाणी आमच्या लोकांस धक्काबुक्कीची जी सवय आहे ती त्या दिवशी पुष्कळ कमी होती. अगदीच नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. मधून मधून ‘राम हरि’चा घोष उठे आणि रांगेबरोबर मागे मागे जाऊन विरे. कोणी पिशवीतून पुऱ्या काढून खाऊ लागला, तेव्हा शेजारच्याने त्याच्याकडे असे पाहिले की, त्याने त्या परत ठेवल्या. आत एक मनुष्य पाच दिवस पाण्याचा थेंब घेत नव्हता, आणि बाहेर आम्हा सर्वांस तहान लागली होती. ही तहान विचित्र होती; भागविण्याची लाज वाटे.

ऊन वर आले. आत्याला कोणी तरी सावलीत बसवीत होते. ती बसली नाही. अण्णांचे ओठ हलत होते. ते जप करीत असावेत असे आम्हास प्रथम वाटले. कान दिला तेव्हा कळले की, ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवीत आहेत : “बाबा, मी अकरा एकर दिले, पण ते देणे नव्हते.” सालदार त्यांच्या पुढेच उभा होता. त्याने ऐकले की नाही, सांगता येत नाही. त्याने मागे वळून पाहिले नाही.

दर्शनाचे वर्णन करू म्हटले तर करावयास फारसे नाही. उभे राहण्यास क्षणभराचाही अवसर नव्हता. पांढरी दाढी, मिटलेले डोळे, पांघरुणाखाली आहे की नाही असे वाटावे इतके कृश शरीर. स्वयंसेवक हलक्या हाताने पुढे सरकवीत होते, आणि त्यांचे योग्यच होते. मागे शेकडो उभे होते. आत्याची गुंडी एका भगिनीने घेतली आणि टोपलीत ठेवली. तेथे तशा पुष्कळ होत्या. सालदाराने भुईला डोके टेकले आणि तो निघाला. अण्णा पुढे झाले, त्यांनी तोंड उघडले, आणि मिटले. आम्ही त्यांना दंडाला धरून बाहेर आणले.

नदीकाठी खडकावर बसल्यावर अण्णांनी सालदारास विचारले, “तू काय म्हणालास रे?”

“काय म्हननार मालक? मागून लोकं रेटत होते. पाय पाह्यले अन् निंगालो.”

अण्णांना एकदम हसू आले. मग ते बराच वेळ उपरण्याने डोळे पुसत राहिले. सालदार ओशाळून पाणी आणावयास गेला.

१५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास विनोबा गेले. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाची तयारी चालली असता आकाशवाणीवरून वार्ता आली. काकांनी उठून स्वतः रेडिओचा आवाज वाढविला, आणि बातम्या संपेपर्यंत ते उभेच राहिले. फटाके आणलेले होते. ते मुलांनीच, कोणी न सांगता, माळ्यावर टाकले.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी नाल्याकाठची तीन एकर काळी सालदाराच्या नावे करण्याचा विषय काढला. जमीन सामाईक, सर्व भावांच्या सह्या हव्या होत्या. मधल्या काकांनी मुलांच्या शिक्षणाचा खर्च सांगितला, आणि तो खोटा नव्हता. महिनाभर घरात जेवणे मुकाट्याने होत. अखेर कागद पुढे आला तेव्हा पहिली सही धाकट्या काकांनी केली. लेखणी खाली ठेवताना ते आम्हास म्हणाले, “ही अण्णांसाठी आहे, तुमच्या विनोबांसाठी नव्हे.” मधल्या काकांची सही यावयास मात्र दिवाळी उजाडली.

सातबाऱ्यावर फेरफार झाला त्या वर्षी सालदाराने आमची चाकरी सोडली. आम्हास नवा माणूस मिळावयास फार त्रास पडला, आणि त्याबद्दल घरात अण्णांस बरेच ऐकून घ्यावे लागले. अण्णा १९९१ साली गेले. सालदाराचा मुलगा त्या तीन एकरांत कापूस आणि तूर घेतो. टेकाडही त्याच्याच नावे आहे. पावसाळ्यात त्यावर कमरेइतके गवत होते, आणि वर्ध्याच्या गाडीतून जाताना आम्ही आता डाव्याच बाजूस बसतो.