पांचवा सॅक्सोफोन

जाझ म्हणजे नुसता गोंगाट, असें आमच्या घरांतील वडील मंडळींचें ठाम मत आहे. आणि त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु ज्या घरांत एकाच ओट्यावर चौदा माणसांचा स्वयंपाक होतो, त्या घरानें तरी मोठ्या वाद्यवृंदास नांवें ठेवूं नयेत. अनेकांनीं एका वेळीं आपापलें वाद्य वाजवावें, कोणीं कोणास झांकूं नये, आणि ऐकणाऱ्यास मात्र एकच आवाज ऐकूं यावा, हें जमविणें किती कठीण आहे तें आमच्याइतकें दुसऱ्या कोणास कळणार?

आमच्या मनांत घर करून बसलेली तबकडी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची आहे. ‘कॉटन टेल’ हें तिचें नांव. ४ मे १९४० रोजीं हॉलिवूड येथें ‘व्हिक्टर’ कंपनीसाठीं ती मुद्रित झाली. मूळ तबकडी आम्हीं पाहिलेली नाहीं; आमचे धाकटे चुलतबंधु नव्या गाण्याबजावण्याचे शोकी, त्यांनीं ती मोबाइलवर ऐकविली. तीन ट्रंपेटवाले, तीन ट्राँबोनवाले, पांच सॅक्सोफोनवाले, शिवाय गिटार, बास, ड्रम, आणि पियानोवर खुद्द ड्यूक, अशी १५ जणांची ती मंडळी. त्या काळीं १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें ३ मिनिटें मावत. चुकलेला तुकडा कापून काढावा आणि चांगला जोडावा, अशी सोय नव्हती. चवदा जणांचें उत्तम झालें आणि पंधराव्याचा सूर घसरला, तर सर्वांनीं पुन्हा आरंभापासून वाजवावयाचें. स्वयंपाकघरांत हा अनुभव नवा नाहीं.

या तबकडीचा नायक बेन वेब्स्टर. याचा जन्म १९०९ सालीं कॅन्सस सिटी येथें झाला. प्रथम हा पियानो वाजवी, मूकपटांस साथही करी. सॅक्सोफोन त्यानें मागाहून हातीं घेतला. १९४० च्या आरंभीं तो एलिंग्टन यांच्याकडे कायमचा म्हणून आला, तेव्हां मोठीच अडचण उभी राहिली. त्यांच्याकडे पूर्वीपासून चार सॅक्सोफोनवाले होते आणि जुन्या चिजांतील स्वर त्या चौघांत वांटले गेलेले होते. पांचव्याच्या नांवाचा कागदच नव्हता! त्यानें एखादा सूर धरावा, तों शेजारचा म्हणे, ‘हा माझा आहे.’ अखेर कोणाचाही नसलेला, तरी सर्वांशीं जुळणारा असा पांचवा सूर त्यास कानानेंच हुडकून काढावा लागला, असें सांगतात. नव्या सुनेस घरांत आल्यावर कोणत्या कामास हात घालावा हें उमजत नाहीं, कारण प्रत्येक काम आधींच कोणाचें तरी असतें. हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको.

‘कॉटन टेल’मध्यें मात्र त्यास पूर्ण मोकळीक मिळाली. या चिजेचा स्वरसंगतीचा पाया गर्श्विन यांच्या १९३० सालच्या एका लोकप्रिय गाण्याचा. ३२ मात्रागटांचें एक आवर्तन. त्यांत आठआठांचे चार भाग, तिसरा तेवढा निराळा. आपल्या अस्थायी-अंतऱ्याची थोडी आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. वेब्स्टर अशीं दोन आवर्तनें एकटा वाजवितो. आरंभीं त्याचा स्वर भरीव आणि खालच्या पट्टींतला असतो. मग त्यास धार चढते, कोठें कोठें तो घशांतून गुरगुरल्यासारखा वाजतो. मागें जिमी ब्लँटन याचा बास अखंड चालत असतो, आणि पितळी वाद्यें मधूनमधून अशी हांक घालतात कीं, जणु तीं त्यास ‘पुढें जा’ म्हणत आहेत. यानंतर जें येतें तें आम्हांस सर्वांत प्रिय आहे. पांचही सॅक्सोफोन एका श्वासानें वळणें घेत एक संपूर्ण आवर्तन वाजवितात. हा भाग वेब्स्टरनेंच बांधला असें मानतात. ज्यास स्वतःचा कागद नव्हता, त्यानें पांचांचा कागद लिहिला!

पुढें १९४३ सालीं वेब्स्टर तो वाद्यवृंद सोडून गेला. आमच्या काकू एरवीं या संगीतास ‘भांडीं आपटणें’ म्हणतात. पण हें ऐकतांच त्या निवडतां निवडतां थांबल्या. आमचे तेच चुलतबंधु, काकूंचे चिरंजीव, येत्या दिवाळीनंतर पुण्यास वेगळें बिऱ्हाड करणार आहेत. या विषयावर घरांत महिनाभर कोणी मोकळेपणीं बोललेलें नाहीं.

“काय रे,” काकूंनीं आम्हांस विचारलें, “बाहेर पडून त्याचें बरें झालें का?”

प्रश्न कोणाविषयीं आहे हें आम्ही जाणून होतों. आम्हीं वेब्स्टरविषयींच उत्तर दिलें. बाहेर त्यानें लहान मंडळींबरोबर पुष्कळ वाजविलें. संथ गाणीं तो अशी वाजवी कीं, स्वर सरल्यावरही नुसता श्वास ऐकूं येई. पंधरा जणांच्या मेळाव्यांत तो श्वास कोणास ऐकूं आला असता? १९६० नंतरच्या दशकांत तो युरोपांत गेला, तो परत स्वदेशीं राहावयास आला नाहीं. १९७३ सालीं ॲम्स्टरडॅम येथें वारला. हें शेवटचें सांगावें कीं न सांगावें, अशा विचारांत आम्ही क्षणभर पडलों, पण सांगितलें.

“आणि त्या मागच्यांचें?”

त्यांचें चालूच राहिलें. ब्लँटन तर १९४२ सालींच, अवघ्या २३ व्या वर्षीं, क्षयानें गेला होता. १९५० पासून वेब्स्टरच्या जागीं पॉल गोन्साल्विस आला. त्यास वेब्स्टरचें वादन तोंडपाठ होतें. १९६३ सालीं एलिंग्टन हिंदुस्थानांतही येऊन गेले. तरी रसिक लोक १९४० च्या सुमाराच्या त्या वाद्यवृंदास अद्याप ‘ब्लँटन-वेब्स्टर’ यांचा म्हणूनच ओळखतात, दोघेही तेथें चार वर्षेंसुद्धां पुरीं राहिले नाहींत तरी.

काकूंनीं ताटांतले तांदूळ पुढें ओढले. कांहीं वेळानें, आमच्याकडे न पाहतांच, त्यांनीं पुण्याच्या जागेंत स्वयंपाकघर केवढें आहे, आणि देवांसाठीं कोनाडा आहे कीं नाहीं, हें विचारलें.