श्रीवर्धन : गेलेल्यांचे आणि राहिलेल्यांचे

माणगावहून निघालेली एस. टी. म्हसळ्यावरून वळणे घेत श्रीवर्धनला येते. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या. एवढाच काय तो इथला भूगोल!

इतिहास मात्र लांब पल्ल्याचा. मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा, गावची देशमुखी भटांच्या घराण्याकडे. सिद्दीशी बिनसले, तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी गाव सोडले, घाट चढला, आणि १७१३ साली ते शाहू महाराजांचे पेशवे झाले. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले; पण गाव सोडण्याची रीत मोडली नाही. फरक इतकाच, की आता वाट साताऱ्याची नव्हे, मुंबईची!

आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा पंच्याहत्तरी ओलांडलेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले आणि त्यांच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. मुलाने मुंबईहून निरोप धाडला, "बाबा, वाडी विका, इकडे या." आजोबांनी रोपे आणली.

पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. न राहवून मी विचारले, "आजोबा, ही सुपारी खाणार कोण?"

ते अडकित्ता थांबवून हसले. "मास्तर, मी आजवर खाल्ली ती कुणी लावलेली होती?"

वाचकहो, पेशव्यांचा पुतळा गावात आहेच. तो अवश्य पाहा. पण एखाद्या वाडीतही डोकावून या.